ती नेमकी कोणाकडे गेली? (ब्राम्स, पाहुणी व्हायोलिनवादक आणि माझ्या चुकलेल्या टाळ्या)

चौथी_रांग

परवा आयुष्यात पहिल्यांदा सिंफनी ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकला. घरी रेकॉर्डिंगं भरपूर ऐकली आहेत, त्यामुळे आपल्याला यातलं बऱ्यापैकी कळतं असा एक गोड गैरसमज सोबत घेऊन गेले होते. येताना तो नव्हता. त्याच्या जागी दोन प्रश्न होते, म्हणून हा धागा. आधी वृत्तांत सांगते, लांबला तर सांभाळून घ्या.

कार्यक्रम असा: सुरुवातीला बेथोव्हेनचं 'एग्मॉन्ट' ओव्हर्चर, मग ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन पुढे आणि साथीला सगळा ऑर्केस्ट्रा), मध्यंतर, आणि शेवटी द्वोर्झाकची आठवी सिंफनी. मी गेले होते ती पाहुण्या व्हायोलिनवादक मुलीसाठी. (वयाने माझ्या भाचीएवढी असेल, म्हणून एकेरी.) बाकीचं सगळं म्हणजे जेवणाआधीची आणि नंतरची बडीशेप, असं डोक्यात होतं.

पहिला धक्का वाद्यं लावताना. सगळे आपापलं काहीतरी वाजवत होते, नुसता कल्ला. मग एक गृहस्थ आले, टाळ्या झाल्या. मला वाटलं कंडक्टर; तर ते पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत जाऊन बसले. कॉन्सर्टमास्टर. ते उभे राहिले आणि सगळं चिडीचूप झालं. आतून कुठून तरी एक सरळ, नाकातला, अजिबात न हलणारा स्वर आला आणि सत्तरेक माणसं हळूहळू त्या स्वरावर येऊन टेकली. तंबोरा लागतो तेव्हा पोटात जे होतं ना, तेच झालं. इथेच पैसे वसूल, असं शेजारणीला सांगणार होते, पण तिचे डोळे मिटलेले होते.

ब्राम्ससाठी ती आली. समोर ना स्टँड, ना कागद. आणि मग... काहीच नाही. ऑर्केस्ट्रा वाजवतोय आणि ही नुसती उभी. घरी ऐकताना या सुरुवातीकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. चहाचं आधण ठेवायची ती वेळ. समोर मात्र अडीच मिनिटं एक माणूस हातात वाद्य धरून उभं असलेलं दिसतं. ती काय करत होती? डोलत होती, एकदा मागे वळून चेलोंकडे बघून हसली, गजाचा एक सुटलेला केस तोडून टाकला. माझाच जीव वर-खाली होत होता. आणि मग आली ती अशी आली, की म्यानातून काही उपसावं. सौम्य सुरेल प्रवेश वगैरे नाही. थेट भांडण.

पहिला भाग वीस-बावीस मिनिटांचा. मध्ये सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ती एकटीच वाजवते, ती कॅडेन्झा. त्यानंतर सगळे परत येतात, वाढत वाढत जातात, आणि धाड धाड करून शेवट होतो. मी काय केलं असेल? टाळ्या. कडकडून. चार-सहा टाळ्या झाल्यावर लक्षात आलं की मागे कुठे तरी दोघं-तिघं सोडले तर वाजवणारी मीच. पुढच्या रांगेतले एक काका सावकाश मागे वळले आणि माझ्याकडे बघून पुन्हा सावकाश पुढे वळले. धरणीमाते!

त्या शरमेत दुसऱ्या भागाची सुरुवात निम्मी वाया गेली. एवढं आठवतं की एक फार सुंदर चाल कोणीतरी वाजवत होतं आणि ती पुन्हा गप्प उभी होती. चौथ्या रांगेतून फक्त पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट आणि चेलोंच्या कडा दिसतात. त्यामागे कोण काय वाजवतंय ते समजायला मार्ग नाही.

तिसरा भाग म्हणजे नुसता धिंगाणा, चांगल्या अर्थाने. शेवटी सगळं सभागृह उभं. आणि आता माझा मुख्य प्रश्न. तिने कंडक्टरशी हात मिळवला, कॉन्सर्टमास्टरशी मिळवला, वाकून नमस्कार केला. इथवर ठीक. मग ती चक्क खुर्च्या-स्टँडांच्या गर्दीत शिरली, कोणाचा तरी स्टँड पडता पडता वाचला, आणि मध्यभागी बसलेल्या कुणाला तरी जाऊन तिने मिठी मारली. कोणाला, ते मला दिसलं नाही. मग परत येऊन एकटीने बाखचं एक संथ सराबांद वाजवलं आणि गेली.

तर प्रश्न १: ती कोणाकडे गेली आणि का?
प्रश्न २: माइक कुठेच नव्हता. इतक्या वाद्यांपुढे एक व्हायोलिन ऐकू येतं कसं?

(टाळ्यांचा प्रश्न विचारत नाही. त्याचं उत्तर काकांनी दिलं आहे.)

----

वाचनमात्र

झकास वृत्तांत. 'थेट भांडण' वाचून फिस्सकन हसलो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

----

नियमानुसार

लेख छान आहे, पण टाळ्यांवर स्पष्टच लिहितो. कॉन्चेर्टोचे तीन भाग ही एक सलग रचना असते. दोन भागांमधली शांतता हा त्या रचनेचाच तुकडा आहे. कादंबरीचं प्रकरण संपलं म्हणून कोणी वाचनालयात शिट्टी मारत नाही. कार्यक्रमपत्रिकेत किती भाग आहेत ते छापलेलं असतं, तेवढं मोजायचं. तेही जमत नसेल तर कंडक्टरचे हात बघायचे. ते पूर्ण खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळला की मगच. यात अवघड काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. वैयक्तिक घेऊ नये.

----

आडवा_गज

हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसतो. (आमच्यात व्हायोलिनचे दोन गट असतात, पहिलं आणि दुसरं. दुसरं म्हणजे दुय्यम नव्हे, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो.) प्रश्न २ माझा.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे आम्ही गप्प बसतो. चेष्टा नाही. सोलोइस्ट वाजवत असेल तेव्हा लिहिणाऱ्याने ऑर्केस्ट्रा पातळ केलेला असतो: कधी फक्त तंतुवाद्यं, तीही बोटाने तार छेडून, कधी दोन क्लॅरिनेट आणि एक बासून (खर्जातलं फुंकीचं वाद्य), बस. सगळे मिळून जोरात वाजवतात ते ती थांबलेली असताना. ब्राम्समध्ये तर हे फार हुशारीने केलंय. आणि तरीही जिथे जाड होतं तिथे कंडक्टर तालमीत शंभर वेळा डावा हात दाबून दाखवतो. 'अजून कमी, अजून कमी.' गज तारेला जेमतेम लागतोय एवढ्यावर आम्हाला आणतो. बऱ्याचदा कॉन्चेर्टोसाठी मागच्या एक-दोन जोड्या चक्क उठवून विंगेत बसवतात. मी त्यातलाच असतो, त्यामुळे छातीठोकपणे सांगू शकतो.

दुसरं, उभं राहण्याची जागा. ती कंडक्टरच्या डाव्या हाताला उभी असते. व्हायोलिन डाव्या खांद्यावर, म्हणजे वरच्या पाटीवरची एफच्या आकाराची दोन भोकं आपोआप श्रोत्यांच्या बाजूला येतात. उलट बाजूला उभं केलं तर निम्मा आवाज मागच्या भिंतीला जाईल.

तिसरं, हात. सोलोइस्ट गज घोडीच्या जवळून आणि वजन देऊन ओढते. तसं वाजवलं की स्वराच्या वरच्या अंगाला धार येते, साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तल्लख असतो. कानाजवळ तो आवाज थोडा खरखरीतही वाटतो. तालमीत आमच्याकडे पाहुणा आला होता, मी तीन हातांवर होतो. राळेची पूड उडताना दिसत होती आणि घासल्याचा आवाज येत होता. मनात म्हटलं, हा एवढा रखरखीत का वाजवतोय? मध्यंतरात सभागृहात मागे जाऊन बसलो तर नुसतं मध.

आणि चौथं, सूर. ब्राम्सचा कॉन्चेर्टो डी मेजरमध्ये, बेथोव्हेनचा डी मेजरमध्ये, चायकॉव्स्कीचा डी मेजरमध्ये, सिबेलियसचा डी मायनरमध्ये. हा योगायोग नाही. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डीला षड्ज मानलं की षड्ज, मध्यम, पंचम मोकळ्या तारांवरच मिळतात. वाजवत नसाल त्या ताराही सोबत गुणगुणतात. तरफा नसलेल्या वाद्याला तरफा मिळाल्यासारखं होतं.

तुम्ही ऐकलेला 'नाकातला सरळ स्वर' ओबो या फुंकीच्या वाद्याचा. ए, म्हणजे ४४० हर्ट्‌झ. युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रे त्याहून किंचित वर, ४४२-४४३ ला लावतात. ओबोलाच का? कारण त्याचा स्वर टोकदार असतो, गोंगाटातही सापडतो, आणि वाजवणाऱ्याला तो फारसा वाकवता येत नाही. प्रश्न १ चं उत्तर मला माहीत आहे असं वाटतंय, पण ते जुनी_तबकडी यांच्याकडून ऐकण्यात मजा आहे. आजोबा, या.

----

शंकासुर

दोन बाळबोध शंका. (१) सोलोइस्टला सगळं पाठ, ऑर्केस्ट्रासमोर कागद, मग तो काठीवाला नेमकं काय करतो? (२) वाजवता वाजवता तार तुटली तर?

----

आडवा_गज

@शंकासुर, (१) सिंफनीत तो सांगतो आणि आम्ही ऐकतो. कॉन्चेर्टोत तो तिचं ऐकतो आणि आम्हाला सांगतो. पाहुणे कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी येतात, सगळ्यांबरोबर एखाद-दुसरी तालीम मिळते. त्यात ती कुठे रेंगाळणार, कुठे पळणार हे सगळं ठरत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात ती एखाद्या स्वरावर जास्त थांबली, तर सत्तर माणसांनी एकत्र थांबायला हवं. तिच्या गजाकडे, खांद्याकडे, श्वासाकडे बघून ती कधी उतरणार हे त्याला अर्धा क्षण आधी कळावं लागतं. कॅडेन्झाचा शेवट बघा एकदा. ती लांबलचक ट्रिलवर (शेजारचे दोन स्वर झरझर आलटून पालटून) येते, आम्ही गज उचलतो, त्याचा हात हवेत. त्या दोन सेकंदांत कुणी श्वास घेत नाही. तबलजी समेची वाट बघतो ना, तसे पण सत्तर तबलजी.

(२) पोरसवदा आहे का ऑनलाइन? व्हायोलिनवादक मिडोरीचा किस्सा त्याने सांगावा.

----

जुनी_तबकडी

हाक आली म्हणून आलो. टंकायला वेळ लागतो, गोड मानून घ्या.

चौथी_रांग, तुमची पाहुणी गेली ती ओबो वाजवणाऱ्याकडे. पैजेवर सांगतो. दुसऱ्या भागातली जी 'फार सुंदर चाल' तुम्ही शरमेपायी अर्धी ऐकलीत, ती ओबोची. तो भाग सुरू होतो तेव्हा सगळी तंतुवाद्यं गप्प असतात. फक्त फुंकीची वाद्यं, आणि त्यावर ओबो दोन मिनिटांहून जास्त वेळ एकटा गात असतो. तुमच्या सनईची ही दूरची बहीणच. दोघींनाही दुहेरी पत्तीची जिव्हाळी. सोलो व्हायोलिन नंतर येतं आणि त्या चालीभोवती वेलबुट्टी काढत राहतं, पण ओबोने मांडली तशी साधी, सरळ ती चाल त्याच्या वाट्याला येतच नाही. पाब्लो सारासाते हा त्या काळातला मोठा स्पॅनिश व्हायोलिनवादक. त्याने हा कॉन्चेर्टो कधी वाजवला नाही. 'सबंध अडाजिओतली (म्हणजे या संथ दुसऱ्या भागातली) एकमेव चाल ओबो वाजवणार आणि मी हातात व्हायोलिन धरून उभा राहणार?' अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. तेव्हा तुमच्या त्या मुलीने स्टँड पाडत आत जाऊन मिठी मारली, यात बरंच काही आलं.

आता ही रचना कोणासाठी झाली ते सांगतो, कारण टाळ्यांचा मुद्दा तिथेच सुटतो.

ब्राम्सने हा कॉन्चेर्टो १८७८ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियात, वॉर्थर तळ्याकाठी पोर्टशाख इथे लिहिला, तो आपला व्हायोलिनवादक मित्र योझेफ योआखिम याच्यासाठी. ब्राम्स पियानोवाला. व्हायोलिनच्या गळ्याला काय पेलेल याची त्याला धास्ती होती, म्हणून कागद योआखिमकडे पाठवून 'अवघड, गैरसोयीचं, अशक्य' काय ते सांग, असा लकडा लावला. योआखिमने पानंच्या पानं सुचवण्या केल्या. ब्राम्सने त्यातल्या बऱ्याच वाचून बाजूला ठेवल्या. (लेखक लोक असेच असतात.) मुळात चार भाग ठरले होते, मधले दोन त्याने काढून टाकले आणि त्याजागी आपण एक 'दुबळा' अडाजिओ लिहितोय, असं त्याने कळवलं. तो दुबळा म्हणजे हाच, ओबोचा.

पहिला प्रयोग १ जानेवारी १८७९, लाइपझिग. योआखिमचं वादन, कंडक्टर स्वतः ब्राम्स. योआखिमने हट्टाने त्याच कार्यक्रमात सुरुवातीला बेथोव्हेनचाही कॉन्चेर्टो ठेवला. दोन्ही डी मेजर, दोन्ही लांब. ब्राम्स कुरकुरला होता.

कॅडेन्झा मात्र ब्राम्सने लिहिलीच नाही, योआखिमवर सोडली. आजही बहुतेक जण योआखिमचीच वाजवतात, काही जण क्राइस्लर या नंतरच्या व्हायोलिनवादकाची. आता ऐका. त्याच महिन्यात व्हिएन्नात प्रयोग झाला. त्याबद्दल ब्राम्सने एलिझाबेट फॉन हेर्त्सोगेनबर्ग या मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की योआखिमची कॅडेन्झा इतकी बहारदार झाली की लोकांच्या टाळ्या थेट कोडात घुसल्या. कोडा म्हणजे कॅडेन्झानंतरचा शेवटचा तुकडा. म्हणजे भाग संपल्यावर नाही हो, भाग चालू असताना टाळ्या. आणि पत्राचा सूर तक्रारीचा नाही, खुशीचा आहे.

तेव्हा बाईसाहेब, तुम्ही व्हिएन्नाच्या लोकांपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त धीर धरलात.

अवांतर: योआखिमने १९०३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, काही ध्वनिमुद्रणं केली. त्यात बाखच्या सोलो व्हायोलिनमधलेही तुकडे आहेत. आवाज भांड्यात वाटाणे हलवल्यासारखा येतो. पण ज्या हातांसाठी ब्राम्सने हे लिहिलं, ते हात ऐकू येतात. तुमच्या पाहुणीनेही नंतर बाखच वाजवला, हे वाचून या म्हाताऱ्याला बरं वाटलं.

----

चौथी_रांग

आजोबा!!! मी हे छापून पुढच्या रांगेतल्या काकांना नेऊन देणार आहे.

ओबोचं वाचून मात्र चुटपुट लागली. ऐकायचं तेच नेमकं मी लाजत बसले होते.

----

नियमानुसार

जुनी_तबकडी यांचा प्रतिसाद वाचला. पत्राचा दाखला मान्य. पण त्यातून निघतं काय? कॅडेन्झानंतरचा तो कोडा ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे: कॅडेन्झा संपते आणि मूळ चाल सर्वांत वरच्या तारेवर अगदी हळू, जवळपास कुजबुजत येते. संपूर्ण कॉन्चेर्टोतला तो माझा सगळ्यात आवडता अर्धा मिनिट आहे. व्हिएन्नाच्या लोकांनी नेमका तोच बुडवला. ब्राम्स खूश झाला असेल, मी नसतो झालो.

----

कोमल_निषाद

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून पळ काढत नाही, थोडं वेगळं सांगते. टाळ्यांची धास्ती ऐकणाऱ्यांआधी लिहिणाऱ्यांना होती. मेंडेल्सनचा ई मायनर कॉन्चेर्टो घ्या (१८४५ साली लाइपझिगलाच पहिल्यांदा झाला, फेर्डिनांड डाव्हिडने वाजवला). पहिला भाग जोरात संपतो आणि त्या गदारोळातून एकटा बासून आपला एक स्वर सोडतच नाही. बाकी सगळे थांबले, हा धरून बसलाय. त्या एका स्वरावरून दुसरा भाग सुरू होतो. टाळ्या वाजवायला फटच ठेवली नाही!

आणि उलट टोक मोझार्टचं. १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की सिंफनीच्या पहिल्या भागात एक जागा लोकांना आवडणार हे मला लिहितानाच माहीत होतं, आणि तिथे बरोबर टाळ्या पडल्या. म्हणजे वाजवत असतानाच. त्याला ती दाद हवी होती, मेंडेल्सनला अखंडपणा हवा होता. मग 'रचनेचा आदर' म्हणजे दोघांच्या बाबतीत एकच कसा असेल?

आपल्याकडे जागा घेतली आणि दाद नाही दिली तर गवई वर बघतो, 'झोपलात का?' म्हणून. त्या सवयीच्या माणसाला पाऊण तास हात आवरणं हीच शिक्षा आहे.

----

नियमानुसार

बासूनचा मुद्दा चांगला आहे. माझ्याच बाजूने आहे असं मला वाटतं, पण असो.

----

पोरसवदा

उशीर झाला, आता बघितलं. मिडोरीचा किस्सा, घ्या.

जुलै १९८६, अमेरिकेतला टँगलवुड महोत्सव. मिडोरी १४ वर्षांची. वाजवत होती बर्नस्टाइनचं 'सेरेनेड', कंडक्टर स्वतः बर्नस्टाइन. शेवटच्या भागात तिची ई तार तुटली. (सर्वात वरची, सर्वात बारीक. तुटते ती बहुधा हीच.) ती शांतपणे कॉन्सर्टमास्टरकडे वळली, त्याचं स्ट्रॅडिव्हेरियस (जुनं, अतिशय मौल्यवान व्हायोलिन) घेतलं, वाजवायला लागली. थोड्या वेळात त्याचीही ई तार तुटली! मग शेजारच्याचं ग्वादान्यिनी (तसंच एक जुनं व्हायोलिन) घेतलं आणि त्यावर पूर्ण केलं. तिचं स्वतःचं व्हायोलिन आकाराने लहान होतं, ही दोन पूर्ण मापाची. वेगळं वाद्य, वेगळी पट्टी, बोटांची अंतरं वेगळी, आणि सूर हलला नाही. संपल्यावर बर्नस्टाइनने तिला कवेत घेतलं. चित्रफीत आहे, शोधून बघा, तिचा चेहरा बघा. काही म्हणजे काही झालेलं नाही असा चेहरा.

म्हणून शंकासुर, पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्याचं एक काम 'स्वतःचं व्हायोलिन काढून देणं' हेही आहे. तुटकं वाद्य मग हातोहात मागे जातं आणि शेवटच्या जोडीतला कोणीतरी तार बदलत बसतो.

----

आडवा_गज

तो 'कोणीतरी' मीच.

----

खर्ज

थोडा विरोधी सूर लावतो. ब्राम्सचा हा कॉन्चेर्टो मला जड जातो. विरतच नाही. मेंडेल्सन, ब्रुख, चायकॉव्स्की घरी ऐकतो. ब्राम्सला तीनदा सुरुवात केली, तीनदा पहिल्या भागात पेंगलो. प्रत्यक्ष जाऊनही खोकणारे, पत्रिका फडफडवणारे, आणि पुढच्याचं डोकं. उत्तम हेडफोन आणि आरामखुर्ची यापुढे काय मिळतं तिथे? खवचटपणे नाही, खरंच विचारतोय.

----

जुनी_तबकडी

खर्ज, तुम्ही एकटे नाही. त्या काळचा कंडक्टर हान्स फॉन ब्यूलो याने तर हा 'व्हायोलिनसाठी नव्हे, व्हायोलिनविरुद्ध' लिहिलेला कॉन्चेर्टो, असं म्हटल्याचं प्रसिद्धच आहे. शेवटच्या भागापासून सुरुवात करा. योआखिम हंगेरीत जन्मलेला, त्याच्यासाठी ब्राम्सने हंगेरियन ठसक्याचा नाच लिहिलाय. पेंगून दाखवा.

----

चौथी_रांग

खर्ज यांच्या प्रश्नावर मी काय बोलणार म्हणून दोन दिवस गप्प होते. आज बोलते, कारण दरम्यान एक उद्योग केला. तोच कार्यक्रम त्यांनी दुसऱ्यांदा केला, आणि मी पुन्हा गेले. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

या वेळी मुद्दाम वादकांच्या मागची, उंचावरची जागा घेतली. खर्ज, तुमच्या हेडफोनवाल्या मताला इथून थोडं बळ मिळेल, कारण आवाजाचं पार भरीत होतं. हॉर्न आणि टिंपनी (मोठे नगारे) मांडीवर बसल्यासारखे, आणि तिचं व्हायोलिन पाठमोरं, दूर. आडवा_गज म्हणाले ते एफच्या भोकांचं अगदी पटलं, धार सगळी पलीकडे चालली होती. पण इथून माणसं दिसतात. कंडक्टर तोंड उघडं ठेवून, भुवया वर करून तिच्याकडे बघत असतो ते दिसलं. ट्रिलवर सगळ्यांचे गज एकदम उचलले गेले ते दिसलं, आणि नियमानुसार, तुमचा तो कुजबुजता अर्धा मिनिटही ऐकला. तो बुडवणाऱ्या व्हिएन्नाकरांना मीही माफ करणार नाही. एवढं तुमच्या बाजूने.

पहिला भाग संपला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. समोरून, साधारण माझ्या परवाच्याच जागेच्या आसपास, कोणीतरी कडकडून टाळ्या वाजवल्या. तिने गज खाली केला, त्या दिशेला बघून मान लववली आणि रुमालाने हनुवटी पुसली. बस. कंडक्टर हसला. पान उलटलं.

मग ओबो. वाजवणारे साठीच्या पुढचे असतील, टक्कल, चष्मा. सुरू करायच्या आधी त्यांनी जिव्हाळी दोनदा ओठांत धरून ओली केली. मी त्यांच्या बरोब्बर मागे, वरून त्यांची पाठ दिसत होती. श्वास घेतला की कोट वर उचलला जायचा. आणि समोर ती. लाइपझिगपासून आत्तापर्यंत जिने-ज्याने हे वाजवलं त्या प्रत्येकासारखीच, हातात व्हायोलिन धरून उभी. डोळे यांच्यावर. व्हायोलिन खांद्यावर नव्हतंच, पोटाशी धरलेलं, गज खाली. पण डाव्या हाताची बोटं तारांवर हलत होती. आवाज न करता, ओबोच्या चालीबरोबर, तीच चाल.

शेवटी याही वेळी ती आत शिरली. आता स्टँड आधीच बाजूला सरकवून ठेवलेला होता.